बाबांकडे उरलेला शब्द

हॉस्पिटलात बाबांच्या तोंडून पहिला शब्द आला तेव्हा मी खिडकीशी मोसंबं सोलत होते आणि आई त्यांचे पाय चेपत होती. झटका येऊन आठवडा उलटला होता. तोवर नुसते घशातले आवाज. हा मात्र शब्द होता. स्वच्छ, मास्तरी उच्चारातला.

"नियर."

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हन्ले गो?"

"नियर म्हणाले. जवळ."

"मंग जा ना जवळ! उभी काय राहिलीस?"

मी मोसंबं तसंच ठेवून पलंगाशी गेले, त्यांच्या तोंडाशी कान नेला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा म्हणाले, "नियर," या वेळी वैतागून, आणि डावा हात कसाबसा उचलून खिडकीकडे दाखवला. ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. मी पडदा ओढला. त्यांनी डोळे मिटले, आणि वर्गात एखाद्या पोराने उशिरा का होईना बरोबर उत्तर द्यावं तसं समाधानाने म्हणाले, "नियर."

माझे वडील इंग्रजीचे मास्तर. मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या बाजूला आमचं गाव. तिथून सायकलीवर जाता येईल अशा अंतरावरच्या हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी काढली. आमच्या बौद्ध वस्तीतून इंग्रजी घेऊन बीए झालेले ते पहिले. निवृत्त झाल्यावरही समाजमंदिरात दहावीच्या मुलांना फुकट शिकवत. मी शहापूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, राहते वाशिंदला. भाषेवरचं माझं प्रेम त्यांच्याकडून आलेलं, फक्त भाषा बदलली.

पौष महिन्यात एका सकाळी ते आंघोळीचं पाणी काढायला चुलीपाशी गेले आणि तिथेच उजव्या अंगावर कोसळले. वस्तीतल्या पोरांनी टेम्पोतून मुरबाडला नेलं, मुरबाडहून कल्याणला. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. "त्यांना बरंचसं कळतंय," डॉक्टर म्हणाले. "विचार आहेत, फक्त त्यावर चढवायला शब्द सापडत नाहीत. काही पेशंटकडे एखादाच शब्द उरतो. कुठला उरेल, ते सांगता येत नाही."

"परत येतील शब्द?"

"काही येतील. आपण किती बोलतो त्यांच्याशी, यावर आहे."

लिहून दाखवतील म्हणून मी डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर नुसत्या रेघा उमटल्या. बाबा त्या रेघांकडे बघत राहिले, मग त्यांनी पेन्सिल अगदी हळू माझ्या हातात परत दिली. लिहिणंही बोलण्याबरोबरच गेलं होतं.

तर असा "नियर" हा एक शब्द घेऊन आम्ही बाबांना घरी आणलं. भूक लागली तरी नियर, पाठ दुखली तरी नियर, आई दिसली नाही की नियर, पंखा लावा नियर, बंद करा नियर. गावातून माणसं भेटायला यायची. बाबा बहिरे असल्यासारखी त्यांच्या कानाशी ओरडायची, "मास्तर, कसं हाय?" बाबा म्हणायचे, "नियर." मग ती माणसं अंगणात जाऊन हळू आवाजात एकमेकांना सांगायची, डोक्यावर परिणाम झालाय. बाबांचे कान शाबूत होते. त्यांना सगळं ऐकू जायचं. चारचौघांत एक चुकीचं स्पेलिंग सहन न होणारा माणूस तो. हळूहळू त्यांनी पाहुणे आले की भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली, आणि एके दिवशी नियरही म्हणेनासे झाले.

तो काळ मला सगळ्यांत वाईट आठवतो. मी दर शनिवारी किन्हवलीमार्गे मुरबाडची गाडी धरून घरी जायचे आणि रविवारी उतरत्या उन्हात परत फिरायचे, दोन दिवसांत बाबांचा आवाज न ऐकता.

आई मात्र बधली नाही. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. बाबा शाळेत आणि ती शेतात, असा त्यांचा संसार झाला. लावणी, बेणणी, कापणी, सगळं तिच्या अंगावर. इंग्रजीचं तिला कधी कौतुक नव्हतं. बाबा घरात काही इंग्रजी बोलले की ती "मला नको, तुमच्या पोरांना सांगा" म्हणायची. आता तिने एकच केलं. पूर्वी ती प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायची, तशीच विचारत राहिली. वांगी करू की भोपळा? दार लोटू की उघडं ठेवू? शेळीला गिऱ्हाईक आलंय, विकू का? आणि विचारून झालं की त्यांच्या पलंगाशी तशीच उभी राहायची, हातातलं काम थांबवून. उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही. बाबा भिंतीकडे बघत असले तरी ती उभी. शेवटी बाबांना म्हणावंच लागायचं, "नियर."

"बरं, वांगी," आई म्हणायची आणि चुलीकडे जायची.

मी एकदा तिला विचारलं, "तुला कसं कळलं वांगी म्हणून?"

"अगो, वांग्याला आवाज चढतो त्यांचा. भोपळ्याला खाली येतो." तिने इतक्या सहज सांगितलं, की मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

मी मग कान देऊन ऐकायला लागले. खरंच चढायचा. नकाराचा नियर आखूड असायचा, होकाराचा थोडा ताणलेला. दुखत असेल तर पहिलं अक्षर दाबून यायचं. आईला हाक मारताना ते शेवटचा र लांबवायचे. आईने हे सारं कुणाकडूनही न शिकता, चुलीपाशी उभं राहून पाठ केलं होतं. मी भाषा शिकवणारी बाई, पण एका शब्दात एवढं मावतं हे तोवर मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी आई बाबांना कल्याणला स्पीच थेरपिस्टकडे न्यायची, रजा मिळाली की मीही जायचे. थेरपिस्ट तरुण मुलगी होती, हसतमुख आणि चिकाटीची. म्हणायची, ज्या गोष्टी पाठ आहेत, त्या मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्या आधी बाहेर येतील. आकडे, वार, गाणी. घरी जे रोज म्हणता ते त्यांच्याबरोबर म्हणा.

पहिल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, बाबांना टेकून बसवलं आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला बाबांचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला आवाज आला. तिसऱ्या ओळीपासून ते आईबरोबर सगळं म्हणत होते, एकही अक्षर न अडखळता, पालीच्या एकेका जोडाक्षरासकट. मी त्या दिवशी रजा घेऊन घरी थांबले होते. मी दारात उभी राहून रडत होते. आईने शेवटपर्यंत म्हटलं, वंदन केलं आणि उत्साहाने विचारलं, "आता चहा टाकू?"

बाबांनी तोंड उघडलं. चेहऱ्यावर सगळा प्रयत्न दिसत होता. आणि म्हणाले, "नियर."

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "टाकते. आलं घालून." आणि वळली. तिने मला तिचा चेहरा बघू दिला नाही.

होळी होऊन गेल्यावर शेजारचे काका आले.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्यांची भातशेती आमच्या शेताला लागून. मध्ये एक बांध. ते गावातले कुणबी, आम्ही वस्तीतले. बाबा आणि ते प्राथमिक शाळेत एकाच वर्गात होते, पण पाण्याचा तांब्या एक नव्हता. मोठेपणी दोघांत बोलणं होतं, हसणं-खिदळणंही होतं, पण काका आमच्या घरी आले तरी अंगणातच उभे राहायचे. आत या म्हटलं तर "पाय चिखलाचे हायत" म्हणायचे. उन्हाळ्यातसुद्धा.

मी कॉलेजात शिकत असताना एका पावसात तो बांध वाहून गेला. काकांनी तो पुन्हा घातला. बाबांचं म्हणणं, हातभर आमच्या शेतात सरकवून घातला. आमचं शेत आजोबांनी उभा जन्म मजुरी करून घेतलेलं. त्यामुळे त्या हातभर जागेत आमच्यासाठी मातीपेक्षा बरंच जास्त होतं. शेतातच बोलाचाली झाली. काका म्हणाले, "मास्तर, शाळेतलं शाळेत शिकवा, शेतातलं मला नका शिकवू." बाबांनी संतापून इंग्रजीत काहीतरी सुनावलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बारशाला, मयताला समोरासमोर यायचे, पण नजर द्यायचे नाहीत.

तर ते काका एका दुपारी आमच्या दारात आले. हातात पिशवी, पिशवीत पपई. आईने पदर सावरला. "या भावजी."

काका उंबऱ्याशी थांबले. आत पलंग दिसत होता. बाबांनी त्यांना पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस डाव्या कोपरावर उठून बसला. चेहरा लाल झाला. डावा हात शेताच्या दिशेने रोखला आणि गरजले, "नियर! नियर नियर! नियर नियर नियर!"

अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती. 

काकांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. मग त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. "आरं, मास्तर तर अजून शिव्याच घालतंय!" ते म्हणाले. "लोकं म्हनत व्हते डोकं गेलं. कुठं गेलंय? जसंच्या तसं हाय." मग बाबांकडे बोट करून त्यांनीही आवाज चढवला. "आन् बांध माझाच हाय! आयक! जिथं व्हता तिथंच घातलाय!"

"नियर!"

"नाय सरकवला!"

"नियर नियर!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बाबांच्या आत पूर्वीचाच माणूस आहे हे तिला ठाऊकच होतं, पण आता ते बाहेरच्या कुणालातरी दिसलं होतं. भांडता भांडता काका कधी आत आले, ते त्यांनाही कळलं नाही. पलंगासमोरच्या खुर्चीत बसले होते. आईने चहा ठेवला. काकांनी कपाकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, मग कप उचलला आणि बशीत ओतून प्यायले. 

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. दुपारची झोप झाली की यायचे, खुर्ची ओढायचे आणि सुरुवात करायचे, "काय मास्तर, काय म्हनतोय माझा बांध?" की बाबा पेटायचे. आईने हे थेरपिस्टला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रागावेल, पेशंटला त्रास नको म्हणेल. तिने बाबांचा रक्तदाब तपासून घ्यायला लावला, गोळ्या नीट चालू आहेत ना विचारलं, आणि म्हणाली, "भांडू द्या थोडं. मनापासून बोलावंसं वाटणं हेच तर हवंय. माझ्याकडे येऊन चित्रं ओळखायला त्यांना काय मजा येणार?"

एका रविवारी बाबांना डुलकी लागली होती. काका खुर्चीत बसून विडी विझलेलीच ओठांत धरून होते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, मास्तर सारखं नियर नियर करतंय. हाय काय त्या शब्दात?"

मी सांगितलं, नियर म्हणजे जवळ. पण एवढंच सांगून मला राहवेना. नववीत मी बाबांच्याच वर्गात होते, आणि हा शब्द त्यांचा लाडका. फळ्यावर लिहून ते म्हणायचे, हा शब्द खरा दुसऱ्या पायरीवरचा आहे. इंग्रजांकडे जवळसाठी आधी वेगळाच शब्द होता. त्याचा उच्चार "नाय." नाय म्हणजे जवळ, नियर म्हणजे अधिक जवळ, आणि नेक्स्ट म्हणजे सगळ्यांत जवळ. पुढे लोक पहिली पायरी विसरले आणि नियरलाच नुसतं जवळ म्हणू लागले. मग अधिक जवळ कसं सांगायचं? म्हणून त्याच्यावर अजून एक शेपूट लावलं, नियरर. एवढं सांगून झालं की वर्गातला एखादा पोरगा हमखास विचारायचा, "सर, नाय म्हंजे जवळ?" आमच्याकडे नाय म्हणजे नाही. सगळा वर्ग हसायचा. बाबाही हसायचे आणि म्हणायचे, "इंग्लंडात जवळ, मुरबाडात नाय. परीक्षेत इंग्लंडातलं लिहा."

काका मन लावून ऐकत होते. मी पुढे सांगितलं, की पैसा घट्ट धरून बसणाऱ्या कंजूस माणसालाही इंग्रज एके काळी नियर म्हणत. आणि घोडा किंवा बैल यांची डावी बाजू म्हणजे नियर बाजू. हाकणारा डावीकडून चालायचा, त्यामुळे ती बाजू त्याला जवळची.

"बरूबर हाय," काका म्हणाले. ते दरवर्षी म्हशाच्या जत्रेत बैल बघायला जाणारे. "आन् मास्तरची डावी बाजूच तेवढी चालू हाय आता."

"आणि शेजाऱ्याला इंग्रजीत नेबर म्हणतात ना, त्यातही तोच जुना नाय आहे. नाय अधिक बोअर. बोअर म्हणजे राहणारा, शेती करणारा. म्हणजे जवळचा शेतकरी."

काकांनी विडी ओठांतून काढली. थोडा वेळ झोपलेल्या बाबांकडे पाहिलं. "म्हंजे," ते म्हणाले, "इंग्रजसुद्धा बांधावरनं भांडत असनार."

मला हसू आवरेना. त्या हसण्याने बाबा जागे झाले आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहून संशयाने म्हणाले, "नियर?"

"तुझीच तारीफ चाल्लीय," काका म्हणाले.

वैशाखात दुसरा शब्द आला. मी तिथे नव्हते, आईने फोन केला. तिच्या आवाजावरून मला आधी वाटलं काहीतरी वाईट झालं. काका नेहमीसारखे आले होते. त्यांनी मुद्दाम बाबांना डिवचलं, की यंदा तो बांध अजून हातभर पलीकडे घालतो, तुला कुठं उठून यायचंय बघायला. आणि बाबा म्हणाले, "नाय."

"नाय म्हन्ले?" मी फोनवर ओरडले.

"नाय. सपष्ट. परत परत म्हन्ले. भावजी खुर्चीतनं उठून नाचायला लागले बघ. आता इथंच हायेत, घे, आयक." फोनवर खुडबुड झाली, मग काकांचा आवाज, "सांग मास्तर, बांध माझा ना?" आणि त्यानंतर बाबांचा आवाज, दमलेला, ठाम. "नाय."

हा कुठला नाय, इंग्लंडातला की मुरबाडातला, असा विनोद मी नंतर पुष्कळदा केला. खरं तर शंकाच नव्हती. तो आमचा नाय होता. तो माणूस साऱ्या जगाला पुन्हा नकार देऊ शकत होता, आणि नकार देता येणं किती मोठी गोष्ट आहे हे मला त्या फोनवर कळलं. त्यानंतर होकाराचा "हा" आला. मग "चल." मग आईचं घरातलं नाव, जे त्यांनी आमच्यादेखत कधी घेतलं नव्हतं. आई लाजून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही.

चालणंही सुधारलं. डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत, आईच्या आधाराने अंगणात फेऱ्या. पाऊसभर ते ओटीवरच्या ओटीवर चालले. दिवाळीपर्यंत ते एकटे समाजमंदिरापर्यंत जाऊन यायला लागले.

भात कापून झालं आणि काका यायचे थांबले. एक दिवस आले नाहीत, दोन दिवस आले नाहीत. बाबा दुपारी दाराकडे बघून आईला विचारायचे, "नियर?" आईने चौकशी केली. काकांना ताप होता, मुरबाडच्या डॉक्टरने घरीच सलाईन लावलं होतं, अंगात उठायची ताकद नव्हती. आईने ते बाबांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी घरी होते. सकाळी बाबांनी काठी घेतली आणि समाजमंदिराकडे न वळता मागच्या बाजूने शेताकडे निघाले. काकांचं घर रस्त्याने गेलं तर वळसा घालून, शेतातून गेलं तर समोरच. मध्ये तो बांध. भात निघालेलं, शेत मोकळं आणि टणक, पण बाबा शेतातून गेले नाहीत. ते बांधावर चढले.

मी धावणार होते. आईने माझा दंड धरला. "थांब."

"पडतील गं आई!"

"पडले तर जाऊ. आता नको."

तिच्या बोटांचा दाब मला आजही आठवतो. तिचं स्वतःचं सगळं अंग त्यांच्याकडे ओढ घेत होतं. बाबा चालत होते. काठी पुढे, डावा पाय, मग उजवा पाय ओढून. बांध निमुळता, मध्ये खेकड्यांची बिळं. अर्ध्यावर उजवा पाय घसरला. ते एका बाजूला झुकले, काठी बांधात रुतली, आणि तसेच, वाकलेले, ते उभे राहिले.  मग बाबा सरळ झाले. मागे वळून पाहिलंही नाही. काठी पुढे टाकली.

पलीकडे काकांची सून अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर केली आणि तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "आवं, मास्तर आले! मास्तर चालत आले!" ती ओरडत घरात पळाली, पुन्हा बाहेर आली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.

आम्ही दोघी मग रस्त्याने गेलो, जवळजवळ पळतच. पडवी ओलांडून आत पाहिलं तर काका घोंगडी पांघरून पडलेले, गाल बसलेले, डोळे मिटलेले. बाबा त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले होते, घामाघूम. ते काहीतरी जुळवत होते. ओठ पुन्हा पुन्हा मिटत, उघडत होते. शेवटी शब्द आला. नवा होता. आम्ही कुणीही तो त्यांच्याकडून घटवून घेतलेला नव्हता.

"बांध," बाबा म्हणाले. श्वास घेतला. "बांध... माझा."

काकांनी डोळे उघडले नाहीत. पण मिशी हलली. "मास्तर," ते खोल आवाजात म्हणाले, "ताप उतरू दे. मंग भांडू."

बाबांनी काठी मांडीशी टेकवली आणि डावा हात काकांच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हळूच, आम्हाला कळावं म्हणून नव्हे, "नियर" म्हणाले. त्यांच्या सगळ्या नियरांचे सूर मला तोवर ओळखता येत होते. हा मी कधी ऐकला नव्हता. मी आईकडे पाहिलं. तिलाही सांगता येईना. तिने नुसती मान हलवली आणि काकांच्या सुनेला चहाला मदत करायला गेली.

काका आठ-पंधरा दिवसांत उठून बसले, महिन्याने पुन्हा आमच्याकडे यायला लागले. या गोष्टीला आता काही महिने झाले. बाबांची वाचा पूर्ण परत येणार नाही, हे थेरपिस्टने आम्हाला स्पष्ट सांगितलंय. छोटी वाक्यं येतात. नावं चुकतात. इंग्रजी जवळपास सगळंच गेलं, त्या एका शब्दावाचून. दहावीची एक-दोन मुलं अजून येऊन बसतात, वाचून दाखवतात, आणि उच्चार चुकला की बाबा काठी आपटतात. तेवढ्याने त्यांना पुरेसं कळतं.

यंदा लावणीच्या आधी बांध पुन्हा एका ठिकाणी खचला. काकांचा मुलगा फावडं घेऊन आला. बाबा आणि काका दोघेही कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले. मुलाने विचारलं, "कुठनं घेऊ?" काकांनी एक रेघ दाखवली. बाबांनी काठीने दुसरी दाखवली, हातभर पलीकडची, इतक्या वर्षांपूर्वीचीच. एक इंच मागे नाहीत.

"बघा," काका म्हणाले, "बोलता येत नाय, तरी आयकत नाय!"

"माझा," बाबा म्हणाले.

"कागद काढ मंग!"

"नाय!"

मुलगा चिखलात उभा, फावडं तसंच हातात. वरून पाऊस भुरभुरायला लागला. आई भाताच्या रोपांच्या आवणाकडे निघाली होती, डोक्यावर इरलं घेऊन. ती जराशी थांबली, दोघांकडे पाहिलं.

"हाय तिथंच घाल रं," ती मुलाला म्हणाली. "यांचं चालू दे."

मुलाने पहिला चिखल उचलून थापला.